दोन बैठकांची होडी

टॅव्हर्निअर. हमरस्त्यावर मैलाची हिरवी पाटी, ब्याण्णव.
तिथून आत, आमिषं विकणाऱ्या दुकानामागे
भाड्याच्या होड्या. माणशी अठ्ठेचाळीस डॉलर,
टोपी आणि पाणी आपापलं.
बाबल पुढे बसला, मी मागे.
साठी उलटल्यावर भावाबहिणीनं
एका प्लास्टिकच्या शेंगेत बसून
डावं की उजवं यावरून भांडावं,
यासाठी तो एडिसनहून आला होता, मी टॅम्पाहून.

मारिसेल, आमची वाटाडी, आजोळ तिचं क्यूबाचं,
म्हणाली, मुळांना हात लावू नका,
इथं एक फांदी तोडली तरी दंड भरावा लागतो.
बाबल मान न वळवता हसला.
मला फक्त त्याचे कान हललेले दिसले.

मग बोगदा.
दोन्ही अंगांनी कांदळांनी गुडघे मोडून
पाण्यात पाय सोडलेले.
खाली कमरेएवढं पाणी, कोऱ्या चहासारखं,
तळाशी जेलीफिश उताण्या, झालरी वर करून,
जेवण उरकून मांडवातच लवंडलेल्या
वऱ्हाडणींसारख्या.
चिलटं चावत होती. त्यांचं इथलं नाव
'दिसत नाहीत ती'. खरंच दिसत नव्हती.

वास आला तेव्हा दोघंही गप्प झालो.
ओहोटीचा, सडक्या अंड्याचा,
आई ज्याला घाण म्हणायची
आणि आबांच्या पंच्यातून जो कधी गेलाच नाही.

पुढे खारं तळं उघडलं.
एवढा उजेड, की डोळे मिटले.
काठाशी एक झाड, पायाशी खिळे ठोकल्यासारखी मुळं.
बाबलनं वल्हं मांडीवर घेतलं.
"अगो, ह्यो तर तिवर."
आणि वाकून झाडावरचंच एक पान चाटलं,
पानावरच्या मिठासकट.
मारिसेल म्हणाली, चाटलेलं चालतं.

आमच्या खाडीचा तिवर चुन्याच्या भट्टीत गेला.
गाडीमागे सहा रुपये.
आबा तोडत, आम्ही मोळ्या बांधायचो,
कापलेल्या बोटांत खारट चिखल जायचा.
त्याला वन वगैरे कुणी म्हणत नव्हतं.
सरपण होतं.
आता त्याच्याच चुलत्याला भेटायला
आम्ही अंगाला मलम फासून,
पैसे भरून, कुजबुजत.

तळ्याच्या मध्यावर बाबल बोलला.
पाठ माझ्याकडे होती म्हणूनच बोलला असेल.
"खारबांधाकडची वळ आबांनी नाय तोडल्यानी.
मिया तोडलंय. सायकलच्या टायरांसाठी."

ती ओळ गेली, त्याच वर्षीच्या उधाणात
बांध फुटला, कुणग्यांत खारं पाणी शिरलं,
तीन वर्षं तिथं भात पिकला नाही
आणि अख्खा गाव आबांना जे बोलला
ते आबांनी ऐकून घेतलं. मरेपर्यंत.

मी काय म्हणणार होते, आठवत नाही.
तेवढ्यात मारिसेलनं वल्हं आडवं धरलं. थांबा.
होडीखालून काहीतरी करडं, रुंद,
म्हशीएवढं, कसलीच घाई नसलेलं
या अंगाकडून त्या अंगाला गेलं.
समुद्रगाय, ती नुसत्या ओठांनी म्हणाली.
होडी जराशी उचलली गेली, आम्हा दोघांसकट,
आणि परत ठेवली गेली.

परतताना आम्ही आणखी दोनदा मुळांत अडकलो.
धक्क्यावर मारिसेल रबरी नळी घेऊन
आमच्या चपला धुवायला आली.
"ऱ्हवांदेत," बाबल म्हणाला.
तिला भाषा येत नव्हती, तरी तिनं नळ बंद केला.

भाड्याच्या गाडीत तो चिखल घेऊन
आम्ही कॉफी प्यायला गेलो.
"आबांका ठाऊक होतां?" मी विचारलं.
त्यानं साखरेची पुडी फाडली, ओतली नाही.
"कोयतो त्येंचोच होतो," तो म्हणाला.
"धार त्येंनीच लावन दिल्यानी."